कोयीवरून भांडण

काल दुपारी आई आमरसासाठी आंबे पिळत होती आणि माझे दोघे भाऊ एका कोयीवरून भांडत होते. दोघांचेही केस पिकायला लागलेत. मी दारात उभी राहून पाहतच राहिले.

दादा दारूच्या आहारी गेला तेव्हा सुधीर नुकता कॉलेजात जाऊ लागला होता. बाबा नव्हते. बघता बघता धाकटा सुधीरच घरातला मोठा झाला. दादाला रस्त्यावरून उचलून आणायचा, आईला धीर द्यायचा. माझं लग्नही त्यानेच ठरवलं. हट्ट करणं तो विसरूनच गेला. व्यसनमुक्ती केंद्रातून दादा बरा होऊन आला, तरी सुधीर त्याच्यावर बापासारखी नजर ठेवून असायचा. व्यसन एकाचं सुटतं, पण घरच्यांना आपापल्या वयात परतायला आणखी वेळ लागतो.

काल दादाने कोय उचलली. "मोठा मी आहे. आधी मी!"

"आई, बघ ना गं हा!" सुधीर ओरडला.

आई हसता हसता डोळे पुसू लागली. "मेल्यांनो, पाटीभर आंबे पडलेत अजून."

दादाने सुधीरला टपली मारली आणि कोय त्याच्याच हातात दिली. सुधीर ती चोखत बसला. रस कोपरापर्यंत ओघळला, तरी त्याला भान नव्हतं.