मण्यातलं चिलट

लढाईच्या काळात आमच्या वळिवड्याला पोलंडची माणसं राहायला आली होती. बराकींच्या रांगाच्या रांगा होत्या. माझी आई तिथं दूध घालायला जायची आणि चौथीनंतर शाळा सुटल्यावर मीही तिच्या मागून जायची. पांढऱ्या केसांची एक उंच बाई आमचं दूध घ्यायची. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. छावणी उठायला लागली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. ते ऐकून तिनं गळ्यातली माळ सोडली आणि तिच्यातला एक मणी माझ्या हातावर ठेवला. मधाच्या रंगाचा, चिंचोक्याएवढा. दगड म्हणावा तर वजनच नाही.

"उन्हात धर," ती म्हणाली.

धरला. आत एक चिलट होतं. पंख, पाय, पायांवरची बारीक लव, सगळं जिथल्या तिथं. मागचा एक पाय लांब ताणलेला, सुटायला बघत असल्यासारखा. शेजारी कोळ्याच्या जाळ्याचा एक तुटका धागा.

"झाड रडला," बाई म्हणाली. "डिंक. चिलट बसला. झाड अजून रडला. बंद. खूप जुना. तुझा आजी, तिचा आजी, तिचा आजी... तेव्हा माणूस नाही."

"माणूस न्हवता तर बघितलं कुणी, बाई?" आई म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

मग बाईनं तो मणी लोकरीच्या शालीवर घासला आणि वाळल्या गवताजवळ धरला. काडी उडून त्याला चिकटली.

लग्नानंतर तो मणी काळ्या दोऱ्यात माझ्या गळ्यात असायचा. माहेरचं म्हणावं असं अंगावर तेवढंच होतं.

सासर कोल्हापुरात, पेठेत. मालक गुळाच्या अडतीवर कामाला होते. सासूला आम्ही आत्ती म्हणायचो. आत्ती वाईट नव्हत्या. तोंडानं फटकळ, पण मी जेवायला बसले की ताटात काय आहे ते बघायच्या. वर्षं गेली, माझी कूस उजवेना, तसं त्यांनी बघायचं सोडलं.

एका रविवारी त्या मला जोतिबाला घेऊन गेल्या. परत येताना डोंगराखालच्या एका देवऋष्याकडं नेलं. त्याची नजर माझ्या गळ्यावर गेली. आत्तींनीच मणी काढून त्याला दिला. त्यानं तो उन्हात धरला.

"ह्यात जीव कोंडलाय की! पाय बघा, भाईर याला धडपडतोय. जीव कोंडून गळ्यात घालायचा आन् पोटाला जीव मागायचा? देवानं द्यायचा कसा?"

आत्तींनी कपाळाला हात लावला. "एवढं वंगाळ घरात ठिवलंस आन् बोलली न्हाईस व्हय गं?"

त्या बाईचं बोलणं मला आठवत होतं. हे फार जुनं आहे, ह्यात माझं काही नाही, असं सांगता आलं असतं. पण सांगावंसं वाटलं नाही. तो ताणलेला पाय मीही बघितला होता. वाटलं, त्याला जाऊ दे बाबा, आणि माझं येऊ दे.

उपाय असा होता. अवसेला मणी निखाऱ्यावर ठेवायचा आणि जीवाला बाहेर जायला दार उघडं ठेवायचं. घरी येताना वाटेत आत्ती म्हणाल्या, "एवढं करू. न्हाय झालं तर लेकाला दुसरी बघणार. कायदा आडवा येतोय म्हणत्यात. पर कायद्याला नातवंडं हुईत न्हाईत."

अवसेला दारात शेगडी पेटवली. शेजारणी जमल्या. त्यातली एक म्हणाली, "एवढं दिस आत बसल्यावर उडाया यील का हो त्येला?"

"गप गं! चांगल्या कामाला आडवी जीभ घालू नगंस," आत्ती म्हणाल्या.

मणी दगडासारखा फुटला नाही. तो मऊ झाला, फेसाळला आणि एकाएकी पेटला. काळा धूर निघाला आणि देवळात राळ जळावी तसा गोड वास घरभर पसरला. मी चिलटाकडं बघत होते. क्षणभर पाय दिसले, मग एक काळा बुडबुडा, मग काहीच नाही. धुराबरोबर काजळीचा एक कण वर गेला.

"उडालं!" आत्ती ओरडल्या. "उडालं बघा! म्या डोळ्यानं बघितलं!"

"व्हय की, मलाबी दिसलं," मघाचीच शेजारीण म्हणाली.

त्यानंतर घरात माझे लाड सुरू झाले. आत्ती माझ्या डोक्याला तेल लावायच्या, मला घागर उचलू द्यायच्या नाहीत. मालक अडतीवरून काकवी आणायचे. आणि दर महिन्याला मला कोपऱ्यात बाजूला बसावं लागायचं. आत्ती वरून ताट सरकवायच्या आणि वळायच्या. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. पाचव्या दिवशी न्हाऊन उठले की पुन्हा तेल, पुन्हा तूप.

दिवाळीच्या तोंडावर मालक म्हणाले, "चार दिस माहेरला जाऊन ये." माझी ट्रंक त्यांनी स्वतः उचलली. परत न्यायला कोणी आलं नाही.

आई तोवर गेली होती. भावाच्या घरी माझ्याकडं चूल आली. शेजारी शाळेचे एक मास्तर राहायचे. वहिनीनं मण्याची हकिगत सांगितली तेव्हा ते म्हणाले, त्याला तृणमणी म्हणतात. तो किडा माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधीचा. आत किडा म्हणून बहुतेक उरलेलाच नसतो, अंग कधीच नाहीसं होतं. राहतो तो पोकळ आकार.

मी भाकरी थापत होते. उजेडासाठी पुढं ठेवलेला दिवा वहिनीनं माझ्या जवळ सरकवला, तो मी तोंडावर उजेड नको म्हणून परत लांब सारला.

मालकांनी दुसरं लग्न केलं. तिला वर्षाच्या आत मुलगा झाला. आत्ती सगळ्यांना सांगतात, आपण एक जीव सोडवला म्हणून देवानं एक दिला. आता लांबलांबच्या सासवा सुनांना घेऊन त्यांच्याकडं उपाय विचारायला येतात.

परवा विहिरीवर आमच्या आळीतली एक सून माझ्याजवळ सरकली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पोटी काही नाही. घागर तशीच रिकामी धरून हळूच म्हणाली, "आक्का, मलाबी तिकडंच न्यायचं काढलंय. तुमी व्हता न्हवं तिथं? खरंच उडालं का वो?"

मी तिच्याकडं बघितलं. नाही म्हणून मी तिला दुसरं काय देणार होते?

"उडालं," मी म्हणाले.