धूर पाहून उतरलो

वीज केंद्राची चिमणी समजून मी कळंबच्या पुढे एका कोळशाच्या भट्टीपाशी एस.टी.तून उतरलो.

निघालो होतो शेजारच्या जिल्ह्यातलं कोळशावर चालणारं वीज केंद्र बघायला. पुढचा जमाना कोळशाच्या विजेचा, असं मी पुण्यात ज्याला त्याला ऐकवत असे. कोळशाशी माझी ओळख म्हणाल तर आगगाडीच्या खिडकीत डोळ्यात गेलेल्या कणाएवढी.

"केंद्र लई लांब हाय अजून," कंडक्टर म्हणाला.

"मग तो धूर कसला?" मी विजयी स्वरात विचारलं.

त्यानं घंटी ओढली. "उतरू द्या. छत्री हाय त्यांच्याकडं, पावसात भिजायचे न्हाईत." सगळी गाडी हसली. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेल्या मुलखात मी छत्री घेऊन हिंडत होतो. उन्हासाठी, हे सांगेपर्यंत गाडी धुळीत गडपही झाली.

मांजरा नदीचं पात्र कोरडं ठणठणीत. काठानं वेडी बाभूळ माजलेली, आणि मधे पुरुषभर उंचीचा मातीचा ढिगारा बारीक बारीक भोकांतून धुरत होता. शेजारी एक बाई त्याच्यावर नजर ठेवून बसली होती.

"काय बघायलाव, पावणं?"

मी येण्याचं कारण सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसली. "कोळसाच हाय की ह्यो बी! बसा. दुसरी यष्टी दुपार कलल्यावर."

तिचं नाव गयाबाई. नवरा सोपानराव पलीकडे बाभळी तोडत होता. गावातल्या भूमिहीनांनी सहकारी संस्था काढली होती आणि ही तिची पहिली भट्टी. लाकडं रचायची, पाचट (उसाची वाळलेली पानं) अंथरायचं, वर माती लिंपायची आणि आत इस्तू (विस्तव) घालून कोंडायचा.

"ही साधली तर संस्था दुसरी रचू देईल," गयाबाई म्हणाली. "न्हाय साधली तर हायेच खडी फोडणं." दुष्काळी कामावर खडी फोडून सोललेले तळवे तिनं पुढे केले.

ती लाकडं ओढायला गेली आणि मला उत्सुकता आवरेना. आत नेमकं काय चाललंय? छत्रीचं टोक एका भोकात घातलं. माती ढासळली. आत लालभडक निखारे, फार देखणे. नीट दिसावेत म्हणून भोक जरासं मोठं केलं. तेवढ्यात आतून जाळाची जीभ बाहेर आली.

"अवं, बिगीबिगी या! पावण्यानं भट्टी फोडली!"

सोपानराव धावत आले. "वारं शिरलं की समदी राख!" भोक बुजवायला चिखल हवा, चिखलाला पाणी हवं, आणि पाणी एवढंच, लांबून डोक्यावर आणलेली प्यायची घागर. गयाबाईनं क्षणभर घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती मातीवर उपडी केली. तरी चिखल कमी पडला. तिची नजर माझ्या फिरकीच्या तांब्यावर आली. पुण्याहून उकळून, गाळून आणलेलं माझं पाणी त्या भोकावर गेलं. जाळ कोंडला.

मग आम्ही जेवलो. ज्वारीची भाकरी, कांदा, करडईच्या तेलातली चटणी. प्यायला थेंब नाही. माझ्यामुळे तिघंही कोरडे घास गिळत होतो, पण मला वाढताना तिनं हात आखडला नाही.

"तुमच्या त्या केंद्रात राख व्हते का?" सोपानरावांनी विचारलं.

"कोळसा जाळतात म्हटल्यावर होणारच."

"कुठं टाकतेत?"

पुण्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "बघून येतो," म्हणालो.

बघितलं. चिमणी मान दुखेस्तोवर उंच होती. इतक्या दिव्यांचं बळ तिथून निघतं म्हणून ऊर भरूनही आला. पण मागच्या बाजूला राख पाण्यात कालवून नळानं तळ्यात सोडत होते. तळं कसलं, राखाडी माळच. त्या नळाची धार बघताना मला उपडी घागर आठवत राहिली.

आठवड्यानं परतताना मुद्दाम भट्टीपाशी उतरलो. माझ्या भोकाच्या अंगाला राखेचा पांढरा पट्टा होता. बाकी कोळसा काळाभोर, एकमेकांवर आपटला की खणखणणारा. सोपानराव पोती भरत होते. संस्थेची माणसं पाहून गेली होती, दुसऱ्या भट्टीची लाकडंही रचून तयार होती. मला हायसं वाटलं. घरी परतल्यावर कोळशाच्या जमान्याबद्दल आता पूर्वीसारखं छातीठोक बोलता येणार नाही, हेही तिथंच कळलं.

"सापडली का राख?" सोपानरावांनी विचारलं.

मी हात पसरून सांगितलं: पार क्षितिजापर्यंत, रोज नवी, आणि वर पाणी सोडून.

गयाबाईनं आधी त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"एवढी राख? मंग तितं बी छत्री घालून आलाव काय?"