सात नंबरच्या खालचे पाय

सुनंदा मडावी धापा टाकत जीपजवळ आली तेव्हा तिच्या उजव्या पायात बूट नव्हता. पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलाने माखला होता आणि ती हसत होती.

“बूट कुठे आहे?” मी विचारलं.

“बांधीत राह्यला, साहेब. मी पळाली, तो नाई पळाला.”

बांधी म्हणजे धान लावलेलं, पाणी साचलेलं शेत. सकाळचे आठ वाजले होते. छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप शेताच्या कडेला उभा होता आणि आमची टीम गावकऱ्यांना मागे सारत होती. पिल्लाजवळची एक हत्तीण अचानक वळली आणि थेट सुनंदाच्या दिशेने निघाली. सुनंदा पळाली, बूट रुतला. तिने पाय तेवढा उपसून घेतला आणि तशीच धावत सुटली. हत्तीण थोडं अंतर येऊन थांबली, कान हलवले आणि पिल्लाकडे परत गेली. म्हणून आज ही गोष्ट हसत सांगता येते.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यात एका रेंजचा आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी होतो. सुनंदा माझ्याकडे वनरक्षक. आम्ही गार्डच म्हणतो. प्रत्येक गार्डकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. तो रोज पायी फिरायचा असतो.

दुपारी कळप जंगलात गेल्यावर आमचे जुने वनमजूर किसनभाऊ कुमरे तो बूट शोधून घेऊन आले. त्यांनी तो माझ्यासमोर उलटा केला. आतून पाणी पडलं, चिखल पडला आणि शेवटी कापसाचा एक मोठा बोळा पडला.

“हे काय?”

“कापूस, साहेब,” सुनंदा म्हणाली. “माझा पाय चार नंबरचा. बूट सातचा. दोन मोजे घालते अन् समोर कापूस भरते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं. सातच्या खाली नंबरच नाई म्हणे.”

तो बूट पसंत करणाऱ्या कमिटीत मी स्वतः होतो. आम्ही तो टेबलावर ठेवून ठोकून पाहिला, वाकवून पाहिला, चामडं दाबून पाहिलं आणि ‘मजबूत आहे’ म्हणून सह्या केल्या. घालून कोणीच पाहिला नव्हता. त्या सकाळी ती हत्तीण थांबली नसती तर, हा विचार मला पुढचे दोन दिवस सोडत नव्हता.

नव्या बुटांची खरेदी तोंडावर आली होती. मी डीएफओ साहेबांना फोन केला. डीएफओ म्हणजे आमचे वरिष्ठ, आख्ख्या डिव्हिजनचे प्रमुख.

“सर, या वेळी बूट आधी जंगलात चालवून पाहू द्या.”

“चालवून? बूट आहे, ट्रॅक्टर नाही.”

“पंधरा दिवस द्या, सर.”

“दहा देतो.”

पहिलं काम पाय मोजायचं. तेही संध्याकाळी, बीट फिरून आल्यावर. दिवसभर चालल्यावर पाय थोडा सुजतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. ऑफिसच्या व्हरांड्यात जुने कागद अंथरले आणि एकेकाला उभं करून पेन्सिलने पायाची रेघ मारली. किसनभाऊंचा पंजा कागदाबाहेर गेला.

“जन्मभर चपलीत फिरलो, साहेब,” ते म्हणाले. “पाय बदकासारका पसरला.”

सगळे हसले, पण मी लिहून घेतलं. आजवर आम्ही फक्त लांबी विचारत होतो. रुंदी कोणी विचारलीच नव्हती. दोन्ही पाय सारखे नसतात, हेही त्या दिवशी कळलं. मोठ्या पायाचा नंबर धरायचा.

पुरवठादाराचा माणूस तीन सॅम्पल, वेगवेगळ्या नंबरांत, घेऊन आला. एक नेहमीचा काळा, जाड चामड्याचा. दुसरा वॉटरप्रूफ, दिसायला फार झकास. तिसरा कापडी, घोट्यापर्यंत उंच, खाली खोल खाचांचा रबरी सोल आणि बाजूला पाणी निघायला बारीक छिद्रं.

“सर, वॉटरप्रूफच घ्या,” तो म्हणाला. “पाण्याचा थेंब आरपार जाणार नाही.”

किसनभाऊंनी तो घातला आणि सरळ गुडघाभर नाल्यात शिरले. पलीकडून परत आले तेव्हा प्रत्येक पावलाला पचक पचक आवाज येत होता.

“खरं सांगून राह्यले हे भाऊ,” ते गंभीरपणे म्हणाले. “वरून आत गेलेलं पाणी बाहेर येऊनच नाई राह्यलं.”

तो माणूसही हसला. भला होता.

काळा बूट एकदा भिजला तो तिसऱ्या दिवशी वाळला. शिवाय उतारावर बोटं पुढे आदळायची. अंगठ्यापुढे बोटभर जागा मोकळी हवी, हा नियम तिथे ठरला. कापडी बूट एका रात्रीत वाळत होता, सुकल्या पानांवर आवाजही कमी करत होता. हत्तीच्या मागावर असताना हे फार महत्त्वाचं. पण चौथ्या दिवशी सुनंदा लंगडत आली. तोडलेल्या बांबूची खुंटी सोलमधून आत टोचली होती.

“बूट चांगला हाय, साहेब,” ती म्हणाली. “फक्त खाल्ती जाड पायजे.”

पुरवठादाराने सोलमध्ये एक कडक थर वाढवून दिला. सुनंदाने मुद्दाम बांबूच्या खुंट्यांवरून चालून पाहिलं आणि दुरूनच हात वर केला.

दहाव्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन डिव्हिजनला गेलो. साहेबांनी सॅम्पल दोन बोटांनी उचललं.

“कापडी? परेडमध्ये कसं दिसेल हे?”

“परेड वर्षातून दोनदा असते, सर. बीट रोज असतो.”

त्यांनी बूट टेबलावर ठेवला. “असं करा. महिला गार्डना हे द्या. पुरुषांना काळेच.”

अर्धं तर अर्धं. मी होकार दिला.

बूट आले तेव्हा डबे चार नंबरपासून सुरू होत होते. सुनंदाने लेस बांधली, उठली आणि लाकूड डेपोच्या मैदानात जोरात धावत सुटली. मागोमाग बाकीच्या पाचही जणी. सहा वर्दीतल्या बाया विनाकारण धावतायत, खिदळतायत. किसनभाऊ टाळ्या वाजवत होते. चौकशीला आलेला एक लाकूडवाला मला हळूच विचारत होता, “हत्ती आला का, साहेब?”

महिन्याभरात पुरुष गार्डांचे अर्ज यायला लागले. ‘आम्हालाही लेडीज बूट मिळावेत.’ एकाने तर कारणाच्या जागी नुसतं ‘पाय’ लिहिलं होतं. मी सगळे अर्ज एकत्र करून डिव्हिजनला पाठवले. साहेब त्याच आठवड्यात काळे बूट घालून आमच्याकडे दिवसभर फिरून गेले होते.

अर्जांचं पाकीट मंजूर होऊन परत आलं. आत एक चिठ्ठी होती : ‘माझा नंबर नऊ. पंजा जरा रुंद.’ खाली डीएफओ साहेबांची सही.

निवृत्त होण्याआधी मी जुन्या खरेदीचं स्पेसिफिकेशन एकदा काढून वाचलं. चामडं, शिलाई, वजन, रंग, सगळं नीट लिहिलेलं होतं. बूट कोणाच्या पायात जाणार, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं.