बाबांनी आणलेले अनोळखी बँड

मंडळी, आज दुपारी देवासच्या घरी कपाट आवरताना माझ्या हेवी मेटलच्या जुन्या कॅसेट सापडल्या.

शहाऐंशी साली मी अकरावीत होते. मैत्रिणींकडे त्याच दोन-तीन मोठ्या बँडच्या कॅसेट असायच्या. बाबा कारखान्याच्या कामाने इंदूरला जायचे आणि माझ्यासाठी मात्र कुणी नावही न ऐकलेला बँड घेऊन यायचे. पहिल्यांदा तर मी चक्क रडले. मग ऐकत गेले आणि त्याच बँडच्या प्रेमात पडले. बाबांना यातलं काही कळत नाही, असंच इतकी वर्षं वाटायचं.

आज विचारलंच, "बाबा, तुम्ही चुकून आणायचात ना हो?"

बाबा हसले. "चुकून कशाला? दुकानदार इंदुरी थाटात म्हणायचा, 'भिया, ये तो कोई नहीं ले जाता.' मी म्हणायचो, 'तो यही दे दो.' बाकीचे तुला मैत्रिणींकडे ऐकायला मिळतच होते की!"

मी तडक उठले. शेजारून टेपरेकॉर्डर मागून आणला. शहाऐंशी-सत्त्याऐंशीत कधी जमलं नव्हतं, ते आज झालं. बाबांनी माझ्याजवळ बसून कॅसेटची अख्खी बाजू ऐकली आणि म्हणाले, "आता दुसरी लाव."

तुमची आवड अशी गुपचूप कुणी जपली होती? त्यांना कधी विचारलंत?