पावण्याची पेटी

आक्का चंदगडला निघाल्या त्या सकाळी त्यांच्या हातात नुसती कापडी पिशवी होती. पुतण्याचं लग्न होतं, मुक्काम आठवड्याभराचा. मी विचारलं, "पेटी नेत नाही?" तर माझ्यावरच डाफरल्या. "पेटी कशाला? म्या काय कायमची चाललीया व्हय?" लग्न पार पडलं आणि दोनच दिवसांनी आक्का दुपारच्या झोपेतून उठल्याच नाहीत. खालच्या दुकानात फोन आला तेव्हा मला आधी रडू नाही, रागच आला. ह्या बाईनं माझं कधी एक ऐकलं म्हणून नाही… महिना उलटला, राग अजून आहे.

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर चंदगडला सासरी पटेना, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या राजारामपुरीतल्या घरी आल्या आणि ती पेटी वर्षानुवर्षं भरलेलीच ठेवली. मी कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला होता, तो रिकामाच राहिला. लुगडं बदलायचं तर कॉटखालून पेटी ओढायची, एक काढायचं, एक घालायचं, पुन्हा कुलूप. घरातलं निम्मं काम उपसायच्या, पण घोटभर चहा हवा असला तरी विचारणार, "घिऊ का गं?" कप्प्याचा विषय काढला की ठरलेलं उत्तर, "पावण्यानं पसरू न्हाय." मला अगदी वीट यायचा. आता ह्यांना घरच्या म्हणायचं तरी कसं आणि किती वेळा?

त्यात तो उंदीर आला. शेजारचे शौकतभाई शिलाईकाम करायचे. मिरजेला लग्नाला जाताना लेकीचा पाळलेला पांढरा उंदीर पिंजऱ्यासकट आमच्याकडे ठेवून गेले. "आक्का, चार दिसांचं पावणं हाय," म्हणाले आणि तिथंच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी पावण्यानं खाणं सोडलं. श्वास घेताना घरघर, केस पिंजारलेले, काखेत सुपारीएवढी गाठ. आक्कांचा चेहरा उतरला. "पावणं आपल्या दारात आजारी पडलं. त्या पोरीला काय त्वांड दावायचं?"

मग जे सुरू झालं ते आठवलं तरी डोकं फिरतं. यजमान सायकलला पिंजरा अडकवून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी म्हशीचं काही असेल तर या म्हणून परत पाठवलं. शाईच्या ड्रॉपरनं थेंबथेंब नाचणीची पेज, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. वारा लागू नये म्हणून पिंजरा चक्क पेटीत ठेवला आणि पेटीतली लुगडी 'दोन दिसांसाठी' कपाटातल्या त्या रिकाम्या कप्प्यात गेली. उंदराला ठसका लागतो म्हणून घरात फोडणी बंद. कोल्हापुरात राहून, कांदालसणाची चटणी डब्यात भरलेली असताना, एका उंदरापायी आम्ही मिळमिळीत आमटी भुरकत होतो. ओट्याखाली मी घरच्या उंदरांना सापळा लावत होते आणि वर आक्का ह्याचं तोंड पुसत होत्या. ते दाखवलं तर म्हणाल्या, "त्यो चोर हाय. ह्यो पावणा."

शौकतभाई परत आले. आक्का मान खाली घालून पुढं झाल्या. "भाई, तुमचं पावणं धड ठेवता आलं न्हाय मला." त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं, ड्रॉपर पाहिला, बाटली पाहिली. "ओ आक्का, एवढी शेवा झाली, आता पावणं कसलं? घरचंच झालं की. पोरगी हितंच यिऊन बघंल." आक्कांनी बाटलीचं फडकं सारखं केलं.

उंदीर वाचला नाही. थोड्याच दिवसांत गेला. त्याला परसात जास्वंदीखाली पुरलं, शौकतभाईंची लेक आणि आक्का दोघी हमसून हमसून रडल्या, आणि मी घरात येऊन पहिली फोडणी टाकली. आता लुगडी पेटीत परत जाणार म्हणून वाट पाहिली. गेली नाहीत. मीही विचारलं नाही, जरा घाबरूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी न विचारता चहा ओतून घेतला, एक घोट घेतला आणि ओरडल्या, "ह्यो काय च्या हाय? नुसतं पानी!" त्यानंतर त्यांनी मला सुखानं स्वयंपाक करू दिला नाही. मीठ, तेल, भाकरीचा काठ, प्रत्येकात खोट. मी करवादायचे आणि आतून बरंही वाटायचं.

परवा चंदगडहून तो पुतण्या आला. नव्या नवरदेवाला चहा दिला. म्हणाला, "काकू, चुलतीची पेटी तेवढी द्या. तिचं म्हणून जे काय हाय ते तिच्या घरात असावं." वाद नको म्हणून मी कॉटखालून पेटी ओढून दिली. त्यानं उचलली, हलकी लागली म्हणून उघडली. तळाशी उंदराच्या बाटलीचं ते फडकं तेवढं होतं.

"ही रिकामीच हाय की," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हटलं. "तिचं सामान तिच्या घरात हाय."