कोपऱ्यातला शब्द

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

मी कॅनडात, बर्नाबीला युनिव्हर्सिटीत एक जुनं मलय महाकाव्य शिकवते. राज्य सोडून समुद्रावर निघून गेलेल्या राजाचं. पुण्याच्या मुलीला मलय कुठून सुचलं, असं सगळेच विचारतात. खरं सांगू? दुसरं कुणी करत नव्हतं म्हणून. तिथे मी एकटीच असणार होते.

मी अजून शिकतच होते, तेव्हा केतकी आली. नागपूरची. माझ्याच बेसमेंटमध्ये राहायला, माझ्याच बाईंच्या हाताखाली शिकायला. या काव्याची पोथी उर्दूसारख्या दिसणाऱ्या लिपीत आहे. ती वाचायला शिकण्यात माझी तीन वर्षं गेली. केतकीचं बालपण उर्दू पाट्यांच्या मोहल्ल्यात गेलेलं — सहा महिन्यांत ती घडाघडा वाचायला लागली. ही काव्यं चालीवर म्हणायची असतात. ती म्हणायला लागली की आमच्या मलेशियन बाई डोळे मिटून ऐकायच्या. माझ्या वेळी त्या चहा करायला उठायच्या.

जळले मी. हो, जळलेच. तिचा आवाज, तिचं हसणं, तिने केलेली वांग्याची भाजीसुद्धा मला सहन होईना. आणि तोंडाने मात्र सदा कौतुक. इतकं खोटं माणसाला जमतं कसं?

आमच्या पोथीच्या पानांना आकडे नाहीत. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. तो जुळला की क्रम बरोबर. बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. केतकीला शिकवायचं काम माझ्यावर सोपवलं. ते राहून गेलं — आधी खरंच राहून गेलं.

पुढे केतकीचं पहिलं मोठं भाषण ठरलं. बाईंना आमच्यातली एकच कुणीतरी कायमची मदतीला घ्यायची होती, ते त्यावरून ठरणार होतं. राजा जाताना राणी एक शब्दही बोलत नाही, ते मौनच या काव्याचा गाभा आहे, असं केतकीचं म्हणणं. सुंदर होतं. मला सुचायला हवं होतं. ती बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होती, मी आत तिचे कागद पोथीच्या फोटोंशी ताडून पाहत होते. आणि मला दिसलं. राजा निघतो त्या पानाच्या कोपऱ्यात शब्द होता ‘राणी’. पुढचं पान मात्र सुरू होत होतं ‘जहाज’ या शब्दाने. मधलं पान गळलं होतं. पोथीचे फोटो मीच काढले होते; उलटताना दोन पानं एकदम गेली असणार.

बूट झटकत ती आत आली.

“काही चुकलंय का गं? नीट सांग. मला तुझाच भरवसा आहे.”

“नाही,” मी म्हणाले. “परफेक्ट आहे.”

भाषणात बाईंनी तिला मध्येच थांबवलं आणि कोपऱ्यातला शब्द वाचायला सांगितला. तिने वाचला. मग बाईंनी मूळ पोथीतलं ते पान काढून स्वतः म्हणून दाखवलं. राणी बोलत होती, पानभर बोलत होती. केतकी तशीच उभी. मला — कसं सांगू — बरं वाटलं.

जागा मला मिळाली. केतकी शिक्षण अर्धवट सोडून नागपूरला परत गेली. एअरपोर्टवर तिने माझा हात धरला. मीच घाईत घोळ घातला, तुझी सगळी मेहनत फुकट गेली, मला माफ कर, म्हणाली.

मी तिला माफ केलं.