होडीचा वाटा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. दोहातल्या आमच्या मंडळात दर वर्षी जे दर्याचं गाणं म्हणतात आणि ज्याच्याखाली ‘शब्द : पारंपरिक’ असं छापतात, ते पारंपरिक नाही. ते चाचांनी हमद पोर्टच्या रस्त्यावर बस चालवता चालवता रचलं. ‘पारंपरिक’ हा शब्द तेवढा माझा.

चाचा म्हणजे रत्नागिरीकडच्या एका मच्छीमाराचे चिरंजीव आणि आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. मी बंदरावरच्या ऑफिसात क्लार्क, म्हणून ते मला ‘सायेब’ म्हणत. पण अशा सुरात, की अख्खी बस हसे. सिग्नल लाल झाला की ते स्टिअरिंगवर ठेका धरत आणि हिरवा होईपर्यंत कडवं तयार असे.

दर्या रे दर्या, करू वाटा-वाटा,
मासा तुझ्या पोटी, मला उरला काटा!

मागून कुणीतरी ओरडे, “चाचा, हिरवा झाला!” “होऊ दे. यमक पिवळ्यावर हाय अजून.”

वाटे घालणं हा त्यांचा धर्मच. अल मन्सूरा भागातल्या हॉटेलात तळलेली सुरमई आली की आधी एक तुकडा बाजूला काढत. “हा होडीचा. होडीला पोट नाय, तरी तिचा वाटा पयला. नायतर उद्या दर्यात कोण नेईल?” मग जेवण संपताना तो तुकडाही स्वतःच उचलत. “बस मीच चालवतो ना? म्हंजे होडी माझीच!”

त्या गाण्याला मी चाल लावली आणि मुंबईच्या एका संगीत कंपनीने ते घेतलं. रॉयल्टी कशी वाटतात हे चाचांना समजावायला मी कागद-पेन घेऊन बसलो : अर्धी प्रकाशक कंपनीची, उरलेली अर्धी गीतकार आणि संगीतकारात. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “कळलं. कंपनी होडी, जाळं माझं, वल्हं तुझं. यल्ला, चल, कर सही.”

फॉर्म आला तेव्हा ते सुट्टीवर गावी होते. गीतकाराची सही हवी होती, बँकेचे कागद हवे होते. फोन लागत नव्हता, हे खरं. पण मी तो दोनदाच लावला, हेही खरं. शब्द पारंपरिक असले की सहीची गरज नव्हती आणि करारानुसार गीतकार-संगीतकारांचा सगळा अर्धा वाटा चाल लावणाऱ्याकडे येत होता. मी ‘पारंपरिक’ लिहून टाकलं. म्हटलं, नंतर दुरुस्त करू. पैसे काही फार येत नव्हते. पण गाणं लावलं की पडद्यावर माझं एकट्याचं नाव यायचं. ते मला आवडायला लागलं, आणि दुरुस्ती राहिली.

मंडळाच्या कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, “आता ऐकू या एक शेकडो वर्षांचं पारंपरिक गीत.” चाचा माझ्या शेजारीच होते. माझ्या घशात वडा अडकला.

“सायेब, मी एवढा म्हातारा झालो काय? ज्याचा बाप गेला, ते पारंपरिक. ह्याचा बाप तर हितं तिसरा वडा खातोय!”

“तिची काहीतरी चूक झाली असेल, चाचा,” मी म्हणालो. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि पुढे गाण्यावर टाळ्यांचा ठेका धरला.

गेल्या वर्षी ते नोकरी संपवून कायमचे गेले. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. ट्रॉली थांबवून म्हणाले, “नवं कडवं लिहून घे, सायेब.”

दर्या रे दर्या, झालं भांडण खलास,
काटा मी चोखला, मासा तू खाल्लास!

“ह्यात मुद्दाम हितल्या अरबांचं खलास घातलंय,” ते म्हणाले. “आता कोण पारंपरिक म्हणतो बघू!” आणि माझ्या पाठीवर थाप मारून हसत हसत आत गेले.

चाचा गावी मजेत आहेत. मला रोज ताज्या मासळीचे फोटो पाठवतात, मी अंगठा दाखवतो. गीतकाराच्या रकान्यात त्यांचं नाव, आजवरचा त्यांचा वाटा, आणि हे सगळं त्यांच्यासमोर बसून सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.